चार कमानी, पाच मज्जातंतू आणि एक जीभ

बुलढाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचनाशास्त्र शिकताना विद्यार्थ्यांना एका प्रश्नाची हमखास तयारी करावी लागते. जिभेचा विकास कसा होतो, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला एकच शंका छळते : एवढ्याशा अवयवासाठी मेंदूकडून पाच वेगवेगळे मज्जातंतू कशासाठी? हाताला किंवा पायाला स्पर्श झाला की तो कळवणारा आणि स्नायू हलवणारा मज्जातंतू बहुधा एकच असतो. जिभेच्या टोकाला झालेला स्पर्श एक मज्जातंतू कळवतो, त्याच टोकावरची चव दुसरा कळवतो, मागच्या भागाची चव आणि स्पर्श दोन्ही तिसरा सांभाळतो, अगदी मुळाशी चौथा येतो आणि जीभ हलविण्याचे काम पाचव्याकडे असते. या गुंत्याचा उलगडा प्रौढ माणसाच्या जिभेकडे पाहून होत नाही. त्यासाठी गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मागे जावे लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दवाखान्यात गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तर गर्भविज्ञानाच्या पुस्तकांत ते गर्भधारणेपासून मोजले जाते. दोहोंत सुमारे दोन आठवड्यांचा फरक पडतो. पुढे दिलेले आठवडे, वेगळा उल्लेख नसल्यास, गर्भधारणेपासूनचे आहेत. म्हणजे येथील चौथा आठवडा हा डॉक्टरांच्या कागदावरचा सहावा आठवडा होय. पाळी चुकून त्या वेळी जेमतेम पंधरवडा उलटलेला असतो आणि दिवस गेल्याची खात्रीही अनेक घरांत झालेली नसते.

त्या वेळी भ्रूणाची लांबी चार-पाच मिलिमीटर असते. त्याला चेहरा नसतो, मान नसते. भावी तोंड आणि घशाच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक अशा जाड वळ्या तयार झालेल्या असतात. त्यांना ग्रसनी कमानी म्हणतात. माशांमध्ये याच जागी कल्ल्यांचा सांगाडा बनतो. माणसात त्यांतून जबडा, कानातील सूक्ष्म हाडे, घशाचे स्नायू, स्वरयंत्राचे भाग आणि जीभ घडते. प्रत्येक कमानीला स्वतःची रक्तवाहिनी आणि स्वतःचा मज्जातंतू असतो, आणि त्या कमानीपासून बनलेला भाग पुढे कोठेही सरकला तरी आपला मज्जातंतू सोबत घेऊन जातो. जिभेच्या पाच मज्जातंतूंचे कोडे या एका नियमाने सुटते.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी घशाच्या तळाशी, पहिल्या कमानीच्या मध्यभागी, एक त्रिकोणी उंचवटा दिसू लागतो. जिभेची ही पहिली खूण. लवकरच त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे उंचवटे येतात, ते झपाट्याने वाढतात, मधल्याला झाकून टाकतात आणि एकमेकांना चिकटतात. ही सांध्याची रेघ जिभेच्या मध्यावरून जाणाऱ्या खाचेच्या रूपाने आयुष्यभर राहते. आरशासमोर जीभ बाहेर काढली असता ती कोणालाही पाहता येते. अशा रीतीने जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग तयार होतो. त्याचा स्पर्श पहिल्या कमानीच्या मज्जातंतूकडे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या कपालतंतूकडे असतो. चव मात्र दुसऱ्या कमानीच्या सातव्या कपालतंतूची एक बारीक फांदी घेते. ही फांदी जिभेपर्यंत पोहोचताना मध्यकर्णातून, कानाच्या पडद्यालगत जाते. म्हणूनच कानाच्या काही शस्त्रक्रियांनंतर रुग्ण जिभेची एक बाजू बेचव झाल्याची तक्रार करतात.

मागच्या एक-तृतीयांश भागाची गोष्ट निराळी आहे. तेथे दुसऱ्या कमानीने जीभ बनवायला हवी होती आणि तसा एक उंचवटा येतोही. परंतु तिसऱ्या कमानीची ऊती त्याच्यावरून पुढे सरकते आणि त्याला गाडून टाकते. तयार जिभेच्या पृष्ठभागात दुसऱ्या कमानीचा वाटा राहत नाही. तिचा मज्जातंतू तेवढा चवीच्या रूपाने उरतो. मागील भागाची संवेदना आणि चव नवव्या कपालतंतूकडे जाते, कारण तो तिसऱ्या कमानीचा आहे. स्वरयंत्राच्या झाकणालगतचा अगदी मुळाचा भाग चौथ्या कमानीचा आणि म्हणून दहाव्या कपालतंतूचा. पुढचा व मागचा भाग जेथे जुळतात तेथे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी एक खाच राहते.

हे सारे झाले जिभेच्या आवरणाबद्दल. आतील मांस कमानींचे नसते. भ्रूणाच्या पाठीच्या बाजूला, डोक्याच्या मागील भागात, ज्या खंडांतून स्नायू तयार होतात तेथून स्नायूपेशी निघतात, मानेच्या बाजूने वळसा घालून पुढे येतात आणि जिभेच्या उंचवट्यांत शिरतात. येताना त्या बाराव्या कपालतंतूला बरोबर आणतात. टाळूला जोडणारा एक स्नायू सोडला तर जिभेचे सर्व स्नायू याच मज्जातंतूच्या हुकमतीत असतात. जिभेला हाड नसते, असे आपण बेताल बोलणाऱ्याबद्दल म्हणतो. शरीररचनेच्या दृष्टीनेही ते खरे आहे. मात्र हनुवटीच्या खाली, मानेच्या वरच्या भागात असलेल्या एका कमानदार हाडाचा जिभेच्या मुळाला आधार असतो, आणि ते हाड दुसऱ्या व तिसऱ्या कमानीतून आलेले असते. झाकली गेलेली दुसरी कमान तेथे आपली हजेरी लावते.

गळ्यातील ग्रंथीचे माहेर

त्या 'व्ही' आकाराच्या खाचेच्या टोकाशी एक लहानसा खड्डा असतो. पुढे कोठेही न जाणाऱ्या या खड्ड्यामागे मोठा इतिहास आहे. गर्भधारणेनंतर सुमारे २४ व्या दिवशी येथूनच थायरॉईड ग्रंथीचा अंकुर फुटतो. तो मानेतून खाली उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेपुढील आपल्या कायमच्या जागी पोहोचतो. जाताना जिभेशी जोडणारी एक बारीक नळी मागे राहते आणि ती पुढे विरून जाते.

ती विरली नाही तर मुलाच्या गळ्यावर मध्यभागी गाठ दिसू शकते. जीभ बाहेर काढायला सांगितले की ही गाठ वर सरकते, कारण तिचे मूळ जिभेत असते. डॉक्टर निदानासाठी नेमकी हीच युक्ती वापरतात. क्वचित ग्रंथी खाली उतरतच नाही व जिभेच्या मुळाशीच राहते. अशा वेळी ती गाठ समजून घाईने काढून टाकणे धोक्याचे ठरते. ती त्या व्यक्तीची एकमेव थायरॉईड ग्रंथी असू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी मानेची सोनोग्राफी करून ग्रंथी जागेवर आहे की नाही हे पाहतात.

ग्रंथी जन्मतः नसली किंवा अपुरे काम करत असली तर तिची एक खूण पुन्हा जिभेवरच उमटते. अशा बाळाची जीभ मोठी, जाड, तोंडाबाहेर डोकावणारी होते, रडणे घोगरे असते, कावीळ लांबते. पण ही लक्षणे दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय, कारण तोपर्यंत मेंदूच्या वाढीचे नुकसान सुरू झालेले असते. भारतात सुमारे हजारभर नवजातांमागे एका बाळात हा दोष आढळतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर तपासणी होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल सर्वसामान्य मुलासारखे वाढते. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होतेच असे नाही. ती मागून घ्यावी लागते, हे शहरातील सुशिक्षित पालकांनाही अनेकदा ठाऊक नसते.

टाळू, ओठ आणि ग्रहण

सातव्या आठवड्यापर्यंत तोंड आणि नाक यांची पोकळी एकच असते आणि ती जिभेने जवळपास भरलेली असते. वरच्या जबड्यापासून निघालेले टाळूचे दोन पडदे जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. त्यांना आडवे होऊन मध्यभागी भेटायचे असते, पण वाटेत जीभ उभी असते. खालचा जबडा वाढतो, जीभ खाली व पुढे सरकते आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे पडदे वर उचलले जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत ते एकमेकांना जोडले जातात. त्यांच्या मागच्या टोकाला पडजीभ तयार होते.

खालचा जबडा फार लहान राहिला तर जिभेला खाली सरकायला जागा मिळत नाही आणि टाळू उघडा राहतो. अशा बाळांत जीभ मागे पडून श्वासही अडतो. पिएर रोबँ या फ्रेंच दंतवैद्यकतज्ज्ञाने १९२३ मध्ये या स्थितीचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा बाळाला पालथे निजवणे हा पहिला आणि पुष्कळदा पुरेसा उपचार ठरतो. मात्र तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

दुभंगलेल्या ओठांविषयी विदर्भातच काय, महाराष्ट्रभर एक समजूत घट्ट आहे. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले, कापले तर बाळाचा ओठ फाटतो. त्यामुळे असे मूल जन्मले की पहिला ठपका आईवर येतो आणि ती स्वतःही कुठल्यातरी ग्रहणाची आठवण काढत झुरत राहते. वरील कालक्रम पाहिला तर या समजुतीचा फोलपणा लक्षात येतो. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून झालेला असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यातील ग्रहण, विळी किंवा सुई त्याला उसवू शकत नाही. कारणे पाहायची तर आनुवंशिकता, धूम्रपान, फिट्सवरील काही औषधे, अनियंत्रित मधुमेह यांच्याकडे पाहावे लागते. आणि अनेक कुटुंबांत कोणतेच कारण सापडत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मेंदू व मज्जारज्जूच्या दोषांपासून निश्चित संरक्षण देते. ओठ-टाळूच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही. तरीही ही गोळी दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यावी लागते, कारण नोंदणीसाठी पहिल्यांदा दवाखान्यात जाईपर्यंत या साऱ्या जोडणीचा मोठा भाग उरकलेला असतो.

पाळीपासून मोजल्यास १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या सोनोग्राफीत ओठांचा दुभंग बहुधा दिसतो. नुसत्या टाळूचा दुभंग हुलकावणी देतो, आणि जिभेखालचा पडदा आखूड आहे की नाही हे त्यात कळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीतून काय हाती लागू शकते याचे एक विलक्षण उदाहरण बुलढाण्यानेच जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. शासकीय स्त्री रुग्णालयात एका गर्भवतीच्या तपासणीत गर्भाच्याच पोटात गर्भासारखी रचना आढळली. जगभरात अशी फार थोडी प्रकरणे नोंदली गेली आहेत. त्या बाळावर जन्मानंतर अमरावतीला शस्त्रक्रिया झाली.

जन्मानंतर दोष शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत. या कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाला. अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन ही पथके मुलांची तपासणी करतात. दुभंगलेला ओठ व टाळू, जन्मजात बहिरेपणा हे त्यांच्या यादीत आहेत आणि पुढील शस्त्रक्रिया विनामूल्य करून दिली जाते.

गर्भाची पहिली चव

आठव्या आठवड्याच्या अखेरीस जिभेवर अंकुरक उगवू लागतात. सर्वांत आधी मागचे, 'व्ही' खाचेपुढील मोठे गोल अंकुरक येतात. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान त्यांत रुचिकलिका तयार होतात. मज्जातंतूचे टोक जवळ आल्यावरच त्या आकार घेतात. (गोड टोकाला, कडू मुळाशी असा जिभेचा नकाशा अनेक पिढ्यांनी शाळेत गिरवला. तो चुकीचा आहे. सर्व चवी जिभेच्या सर्व रुचिकलिकायुक्त भागांत कळतात.)

याच सुमारास गर्भ गर्भजल गिळू लागतो. दिवस भरत येईपर्यंत तो रोज अर्ध्या लिटरहून अधिक गर्भजल गिळतो. त्यात शर्करा, आम्ले, क्षार असतात आणि आईने खाल्लेल्या अन्नाचा गंधही उतरतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्रातील संशोधकांनी १९९५ मध्ये लसणाच्या कॅप्सूल घेतलेल्या गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने लोकांना हुंगायला दिले. बहुतेक नमुन्यांत लसूण ओळखू आला. ठेचा आणि भाकरी खाणाऱ्या वऱ्हाडी घरात जन्मणाऱ्या बाळाला लसणाची ओळख जन्माआधीच झालेली असते, असे म्हणायला हरकत नाही. २००१ मध्ये याच केंद्रात गर्भारपणात गाजराचा रस प्यायलेल्या मातांची बाळे गाजर मिसळलेली पेज अधिक आनंदाने खाताना दिसली. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाने २०२२ मध्ये सोनोग्राफीद्वारे थेट गर्भाचा चेहराच पाहिला. पाळीपासून मोजलेल्या ३२ आणि ३६ आठवड्यांच्या गर्भाच्या आईने गाजराची कॅप्सूल घेतल्यावर गर्भाचे ओठ हसल्यासारखे फाकले, कडवट पालेभाजीच्या कॅप्सूलनंतर चेहरा रडवेला झाला. येथे जिभेइतकाच नाकाचाही वाटा आहे, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराच भाग गंधाचा असतो.

सुश्रुतसंहितेने चौथ्या महिन्यातील गर्भवतीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छा पुरवाव्यात असे सांगितले आहे. 'दौहृद' या शब्दाशी आपल्या 'डोहाळे' शब्दाचे नाते आहे. बाळच आईच्या तोंडून आंबट-गोड मागते, याला आधुनिक विज्ञानात आधार नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र सिद्ध झाला आहे : आई खाते ते बाळाच्या जिभेपर्यंत पोहोचते. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचे ताट मांडले जाते तेव्हा पोटातली जीभ चव घेण्यास समर्थ झालेली असते.

जिभेखालचा पडदा आणि वऱ्हाडी 'ळ'

जीभ सुरुवातीला तोंडाच्या तळाशी जखडलेली असते. तिच्या कडेने पेशी झिजत जाऊन ती सुटी होते आणि खाली मध्यभागी एक पडदा तेवढा उरतो. तो आखूड किंवा टोकापर्यंत आलेला असला तर जीभ चिकटली आहे असे म्हणतात. निकषांनुसार शंभरातील चार ते दहा बाळांत हे आढळते. हा पडदा म्हणजे केवळ एक दोरी असा समज होता. न्यूझीलंडमधील शल्यविशारदांनी २०१९ मध्ये सूक्ष्म विच्छेदन करून दाखवून दिले की, तोंडाच्या तळाच्या आवरणाचीच ती एक घडी असते आणि जिभेच्या मज्जातंतूच्या फांद्या तिच्या फार जवळून जातात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये स्पष्ट केले की, अशा बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच स्तनपानात अडचण येते. तेव्हा आधी दूध पाजण्याची पद्धत सुधारावी आणि तरीही बाळाला ओढता येत नसेल, आईला वेदना होत असतील तरच पडदा कापावा.

खरी फसगत पुढे होते. दोन वर्षांचे मूल बोलत नाही, घरातले जाणते 'जीभ जड आहे' म्हणतात आणि पडदा कापून घेतला जातो. जिभेच्या पडद्यामुळे बोलणे उशिरा सुरू होत नाही. काही मुलांचे र, ल, ट, ड असे उच्चार अस्पष्ट होऊ शकतात, एवढेच. न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायला हवेत. जीभ कापण्यात समाधान मानून ऐकू न येणाऱ्या मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे वाया जातात.

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक घोटाळा संभवतो. घाटाखालच्या शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा तेथे 'डोया' असतो, शाळा 'शाया' असते, पाणी 'पानी' असते. 'ळ' उच्चारताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते, आणि सर्वच मुलांना तो उशिरा साधतो. बदली होऊन पुण्या-मुंबईकडे गेलेल्या कुटुंबातील मुलाचा 'काया' ऐकून शिक्षकांना जीभ दुखावल्याची शंका येऊ शकते. तपासणे सोपे आहे. तेच मूल 'टोपी', 'डबा', 'लाडू' स्वच्छ म्हणत असेल आणि ओठांच्या बाहेर जीभ काढू शकत असेल, तर जिभेत दोष नाही. ती त्याच्या आजीची बोली आहे.

जन्माच्या वेळी बाळाची संपूर्ण जीभ तोंडात असते. तिचा मागचा भाग घशात उतरायला पुढची सुमारे चार वर्षे लागतात. गोड चव बाळाला पहिल्या दिवसापासून आवडते, कडू आणि आंबटाने ते तोंड वाकडे करते. मिठाची जाण मात्र कच्ची असते. साधे पाणी आणि किंचित खारट पाणी यांत नवजात बाळ फारसा भेद करीत नाही. खारटाची ओढ सुमारे चार महिन्यांनंतर दिसू लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी मोठ्यांच्याही तोंडात धरवत नाही, तिथे बाळाने तोंड फिरवले नाही म्हणून पाणी चांगले आहे असे मानता येणार नाही. पहिले सहा महिने तर त्याला पाण्याची गरजच नसते. आईचे दूध पुरते, आणि बाळगुटी किंवा मध चाटवण्याचीही आवश्यकता नसते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये, कारण त्यातील जंतूंचे बीजाणू त्याच्या आतड्यात विष तयार करू शकतात.